कातर सापडत नाही

कॉम्प्युटर या वस्तूवर माझा राग आहे, आणि तो दादामुळे आहे. माझं कपडे शिवायचं दुकान. भरतकामाचं मशीन घेतलं तेव्हा त्याला जोडायला कॉम्प्युटर लागतो म्हणून तोही घेतला, आणि दादाने दुसऱ्याच दिवशी येऊन त्यातलं होतं नव्हतं ते पुसून लिनक्स नावाची वेगळीच यंत्रणा टाकली. "फुकट आहे, आणि तुझ्या हातात हेच टिकेल," म्हणाला. तेव्हापासून मला काही नवीन हवं असलं की काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करावे लागतात. बाकीचं जग बटण दाबतं. मी कुरकुर केली की म्हणायचा, "सुई, एक दिवस उपकार मानशील माझे." सुई म्हणजे मी. लहानपणापासून टोचून बोलते म्हणून त्याने ठेवलेलं नाव. पुढे मी शिवणकामातच पडले, तेव्हा नाव कायमचं चिकटलं.

उपकार मानायचा तो दिवस परवाच्या रविवारी आला. मी अजून मानलेले नाहीत.

दादाला असा आजार आहे की अंगातले स्नायू एकेक करून काम सोडतात. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र पूर्वीइतकंच चालतं, म्हणजे नको तितकं. आता त्याच्या ताब्यात उरलीय उजवी भुवई आणि दोन पापण्या. भुवई वर गेली की 'हो'. डोळे घट्ट मिटले की 'नाही'.

हे असं होणार हे डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं. मग रडत बसण्याऐवजी त्याने स्वतःसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर अक्षरांच्या रांगा एकामागून एक उजळत जायच्या. हवी ती रांग आली की तो भुवई उचलायचा, मग त्या रांगेतलं अक्षर निवडायचा, मग पुढचं. भुवईवर चिकटवलेली एक छोटी पट्टी ती हालचाल कॉम्प्युटरला कळवायची. वाक्य पुरं झालं की ते ऐकू यायचं, आणि तेही त्याच्याच आवाजात, कारण जीभ शाबूत होती तेव्हा त्याने आवाज भरून ठेवला होता. पहिल्या रांगेत 'मोठ्याने' आणि 'हळू' अशी दोन बटणं होती, कारण वहिनीचं लग्नापासून म्हणणं होतं की या माणसाला हळू बोलताच येत नाही. एका वाक्याला वेळ लागायचा, पण वाक्य त्याचं असायचं. शिव्यासुद्धा त्याच्याच.

गेल्या महिन्यात वीज जाऊन एकदम जोरात आली आणि तो कॉम्प्युटर जळला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. दादाचा स्वतःचा फोल्डर तेवढा वाचवून दिला, त्यात आवाजाच्या फाइली होत्या आणि प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर होता. नवीन कॉम्प्युटर आला, पण तो वेगळ्या जातीचा. जुना तयार प्रोग्रॅम त्याच्यावर चालेना. मूळ मजकुरापासून तो पुन्हा बनवावा लागेल, असं दुरुस्तीवाला म्हणाला आणि आपल्याला ते येत नाही असंही म्हणाला. प्रामाणिक माणूस. या आजाराच्या रुग्णांना मदत करणाऱ्या केंद्राने त्यांचं तयार यंत्र देऊ केलं, पण त्यातली बाई बँकेच्या फोनवरच्या बाईसारखी बोलायची. तिचं पहिलं वाक्य ऐकून दादाने जे डोळे मिटले ते यंत्र खोलीबाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत.

तेवढ्यात त्याचा श्वास कमी पडायला लागला. शुक्रवारी डॉक्टर घरी आल्या. खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या, आणि आमच्याकडे न बघता दादाशी बोलल्या, हे मला आवडलं. म्हणाल्या, "गळ्याला छिद्र करून नळी बसवता येईल आणि श्वासाचं मशीन लावता येईल. त्याने बराच काळ मिळतो. पण ते सोपं नाही. नळीत कफ साठतो, तो वरचेवर ओढून काढावा लागतो, रात्रीसुद्धा. तुम्हाला हवं आहे का?"

आम्ही तिघी त्याच्या भुवईकडे बघत राहिलो. भुवई हलली नाही.

"नको आहे का?"

डोळेही मिटले नाहीत. तो नुसता खिडकीकडे बघत होता.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, शब्द बदलून विचारलं. काही नाही. जाताना दारात म्हणाल्या, "सोमवारी येते. फार थांबता येणार नाही. त्यांनी नाहीच सांगितलं, तर तुम्हाला ठरवावं लागेल."

त्या गेल्यावर वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. "त्यांना जगायचंच नाहीये, सुई," ती म्हणाली. "आणि ते माझ्या तोंडावर सांगवत नाहीये."

वहिनी पोस्टात खिडकीवर असते. तिथे ती दिवसभर लोकांचे घोटाळे निस्तरते आणि कुणाचं ऐकून घेत नाही. पण गेले कित्येक आठवडे रजेवर होती आणि नीट झोपलेली नव्हती. त्या दिवशी तिने स्वतःच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि माझ्यासमोर अख्खा कप पिऊन टाकला. तिला कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "रविवारी दुकान बंद असतं. मी येते आणि तो प्रोग्रॅम बनवते."

"तुला येतो?"

"नाही."

रविवारी सकाळी मी दादाच्या खाटेशेजारी टेबल ओढून बसले. त्याला उशा लावून असं बसवलं की पडदा त्यालाही दिसेल. त्याच्या फोल्डरात 'बूटस्ट्रॅप' नावाची फाइल होती. ती चालवली की बाकीची तयारी आपोआप होते, असं त्याने मला एकदा मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. मी ती चालवली. एका ओळीत कारभार आटोपला: ऑटोकॉन्फ सापडत नाही.

"हे काय असतं?" मी विचारलं. दादा माझ्याकडे बघत राहिला. असल्या प्रश्नाला भुवईने काय उत्तर देणार तो?

मग माझ्या लक्षात आलं ते असं. प्रोग्रॅमचा मजकूर म्हणजे आखलेलं कापड. त्याचा सदरा करायला हत्यारं लागतात, आणि या नव्या कॉम्प्युटरमध्ये ती कुणी भरलीच नव्हती. दादाच्या जुन्या मशीनवर ती वर्षानुवर्षं होती, त्यामुळे काय काय लागतं हे त्याने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. मला माहीत आहे ना, मग झालं, असा त्याचा आयुष्यभराचा खाक्या. त्याच्या हातच्या भाजीचीही कृती कुणाला कधी मिळाली नाही.

ऑटोकॉन्फ मागवून घातलं. मग म्हणे, ऑटोमेक सापडत नाही. ते घातलं. मग लिबटूल. दर वेळी मी नाव मोठ्याने वाचायचे, "हे घालू?" म्हणून विचारायचे, आणि भुवई वर जायची. हुरूप आला. बूटस्ट्रॅप पुरं झालं, मी टाळी वाजवली, आणि पुढच्याच पायरीला उत्तर आलं की कंपायलर नाही. मजकुराचं यंत्राला कळेल असं काहीतरी करणारी मुख्य वस्तू ती. म्हणजे शिवणयंत्राचाच पत्ता नव्हता आणि मी इतका वेळ बटणं निवडत बसले होते. कंपायलर घातला. मग कळलं की सगळं काम ओळीने करवून घेणारं 'मेक' नाही. तेही घातलं.

मग आवाजाचं काहीतरी अडलं. आवाज वाजवणाऱ्या भागाची एक फाइल मिळत नाही, असं कॉम्प्युटर म्हणाला. तो भाग मी मागवला, तर उत्तर आलं, आहेच की. पुन्हा बनवायला गेले, तर नाही म्हणे. आहे म्हणतो आणि नाही म्हणतो! मी तोच हुकूम पुन्हापुन्हा देत राहिले. दादाने डोळे मिटले.

"नको? मग काय करू?"

तो बघत राहिला.

"दुसरा भाग घालू?"

भुवई अर्धवट उठली आणि पडली.

"अर्धं हो म्हणजे काय? कुठला दुसरा? अरे, सांग ना मग!"

मी ओरडले. आणि ओरडल्यावर माझं मलाच ऐकू गेलं, की मी कुणाला काय सांगतेय. दार उघडून वहिनी आत डोकावली. दादाकडे बघायची माझी हिंमत होईना. बघितलं, तर त्याचे डोळे हसत होते. त्याला सगळं माहीत होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काय हवंय हे त्याच्या डोक्यात आयतं तयार होतं, आणि मी बरोबर प्रश्न विचारीपर्यंत त्यातलं एक अक्षरही बाहेर येणार नव्हतं. मला इतकं भरून आलं, की मी उगाच कळफलक पुसत बसले.

मग शांतपणे, एकेक करून विचारलं. नाव चुकतंय का? डोळे मिटले. नाव बरोबर आहे, पण त्याला पुढे काही जोडायचंय? भुवई ताडकन वर. शोधलं, तेव्हा कळलं की आवाज वाजवणारा भाग वेगळा आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्याला लागणारं त्याचं पुडकं वेगळं, नावापुढे शेपूट लावलेलं. ते घातलं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. मी वहिनीला हाक मारली. ती येईपर्यंत ओळी थांबल्या होत्या.

कातर सापडत नाही.

"कातर?" वहिनी म्हणाली. "कॉम्प्युटरला कातर कशाला?"

नाव इंग्रजी अक्षरांत होतं, तसंच मी इंटरनेटवर शोधलं. त्याने मला तसंच नाव असलेल्या एका देशाचं हवामान दाखवलं आणि मग त्याच नावाचं एक जुनं शस्त्र. मी दादाकडे वळले. हे आयतं मिळतं? डोळे मिटले. तू लिहिलंस? भुवई वर. या फोल्डरात आहे? नाही. जळलेल्या मशीनमध्ये होती? हो. मग गेलीच म्हणायची? नाही! डोळे इतके घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे दुसरीकडे आहे. कपाटातल्या एखाद्या पेनड्राइव्हमध्ये?" नाही. "ऑफिसात?" नाही. "तुझ्या त्या मिशीवाल्या मित्राकडे?" नाही. मी घरातल्या आणि बाहेरच्या सगळ्या जागा मोजल्या, माळ्यासकट. सगळ्याला नाही. मला सुचतील तेवढ्याच जागा मी विचारू शकत होते, आणि ती जागा मला सुचत नव्हती.

गंमत बघा. कातर कुठे आहे हे सांगायला त्याला बोलता यायला हवं, आणि बोलता यायला कातर हवी.

कॉम्प्युटर बाजूला सारला. माझ्या पिशवीत पॅटर्न कापायचा ब्राउन पेपर नेहमी असतो आणि आखायचा खडूही. मी मोठा ताव फाडला आणि पहिलीतल्या मुलांसारखी मुळाक्षरं काढली. वर स्वर, खाली क ची रांग, च ची रांग, ट, त, प, मग उरलेली, आणि सगळ्यात खाली काना-मात्रा-वेलांट्या. वहिनीने ताव दोन्ही हातांनी दादासमोर धरला. मी रांगांवरून बोट फिरवू लागले.

स्वरांची? काही नाही. क ची? च ची? ट ची? त ची? भुवई वर. त, थ, द... भुवई वर. मग मात्रा. मग पुन्हा पहिल्यापासून. माझं बोट पुढे निघून जायचं, भुवई उशिरा उठायची, आम्ही मागे यायचो. दादाच्या कपाळावर घाम आला. वहिनीचे हात भरून आले, पण तिने ताव खाली केला नाही.

द ला उकार. क ला काना.

"दुकान!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. भुवई वर.

"कुणाचं? दुरुस्तीवाल्याचं?" मी विचारलं.

दादाने डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे जे बघितलं, ते मी लहानपणी गणित चुकवल्यावर बघायचा अगदी तसं.

"माझं?"

भुवई वर गेली आणि वरच राहिली.

मी चपला घालतच होते, तोवर वहिनीने ताव पुन्हा उचलला. "थांब, सुई. आता हे आहे ना आपल्याकडे. एकदाच विचारू." ती त्याच्या अगदी जवळ गेली. "अहो, नळी हवी की नको? एवढंच सांगा. काहीही असलं तरी मी रागावणार नाही."

मी बोट फिरवलं. यावेळी फार वेळ लागला. भुवई दमली होती, मध्येच नुसती फडफडायची. आ. मग ध ला वेलांटी. मग त ला मात्रा.

आधी ते.

"आधी ते म्हणजे? आधी प्रोग्रॅम?" मी चिडले. "दादा, हट्टीपणाला काही सीमा? कागदावर सांगितलंस तर काय बिघडेल? ही इथे मरणाची काळजी करतेय!"

त्याने डोळे मिटले. नाही. वहिनी ताव गुंडाळत म्हणाली, "जा तू. घेऊन ये." तिचा चेहरा बघून मी पळालेच.

दुकानाचं शटर अर्धंच वर केलं आणि वाकून आत शिरले. बंद दुकानात कापडाचा कोरा वास असतो, मला तो आवडतो. काउंटरवरचा कॉम्प्युटर चालू होईपर्यंत मी ट्रायल रूमच्या पडद्याकडे बघत उभी होते. दादाने आवाज भरला तो तिथे. चारी बाजूंनी कपडे टांगलेले असले की आवाज घुमत नाही, असं त्याला कळलं होतं, आणि मग दुपारी गिऱ्हाईक नसताना तो येऊन त्या पडद्याआड बसायचा. क, का, कि, की. ग, गा, गि, गी. तासन्‌तास. एकदा ब्लाउज न्यायला आलेल्या बाईंनी कौतुकाने विचारलं होतं, "आत कुणाचं मूल शिकतंय?" आतून दादा म्हणाला, "हिचंच, पण जरा वाढलंय." तेव्हाच त्याची जीभ जड झाली होती. आम्ही हसलो होतो. आवाज भरून झाला की तो काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी खटपट करायचा, आणि मला वाटायचं की भरतकामाचं सॉफ्टवेअर नीट करतोय.

फोल्डर समोरच होता. त्याचं नाव 'सुई हात लावू नकोस'. इतकी वर्षं मी खरंच हात लावला नव्हता, घाबरूनच. आत एकुलती एक फाइल होती, कातर नावाची. भरलेल्या आवाजाची लांब फीत कापून तिचे एकेका अक्षराचे तुकडे करायचं काम तिचं. शिंप्याच्या दुकानात बसून लिहिली म्हणून हे नाव दिलं असणार. मी ती पेनड्राइव्हवर घेतली, आणि शटर ओढण्याआधी ट्रायल रूमचा पडदा एकदा उगाचच सरकवून बघितला.

परत आले तेव्हा वहिनी दादाचं तोंड पुसत होती. दुपारचं ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. मी टेबलाशी बसले. कंपायलर आता होताच, त्याने कातर एका हुकमात बनवली, काही कुरबूर नाही. मग मी पुन्हा 'मेक' म्हटलं. ओळी धावायला लागल्या. वहिनी खुर्चीच्या कडेला बसली होती. दादा पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. ओळी थांबल्या. वर वाचलं, खाली वाचलं. कुठेही काहीही सापडत नाही असं लिहिलेलं नव्हतं.

पट्टी भुवईवर चिकटवली. रांगा उजळायला लागल्या. दादाने तपासायला एकच अक्षर निवडलं.

"क," तो म्हणाला.

त्याचा आवाज. मागे अगदी बारीक खडखड होती. माझं शिवणयंत्र! तेव्हा पुन्हा भरू म्हणून मी किती मागे लागले होते, आणि तो ऐकायला तयार नव्हता. वहिनीने पदर तोंडाशी धरला.

"पुढे बोल रे," मी म्हटलं.

आम्ही थांबलो. भुवई उचलायची, अक्षर बसायचं, पुन्हा उचलायची. मी पडद्याकडे न बघायचं ठरवलं होतं. त्याने सांगितल्यावरच ऐकायचं. शेवटी आवाज आला.

"नळी बसवा."

वहिनी रडायलाच लागली. खाटेच्या दांड्यावर कपाळ टेकून, आवाज करून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण रांगा उजळतच होत्या आणि भुवई थांबली नव्हती.

"थांब. पुरं ऐक. रात्री तू झोपायचंस. दुसरं कुणीतरी जागेल. हे कबूल असेल तरच."

वहिनीने डोकं वर केलं. "अहो, मग शुक्रवारी डॉक्टरांना भुवई उचलून हो म्हणायचं ना! मी काय काय मनात आणलं, माहितीय?"

पुन्हा थांबणं. भुवई इतकी दमली होती की प्रत्येक अक्षराला मला वाटायचं, बस, आता राहू दे. त्याने राहू दिलं नाही.

"हो म्हटलं असतं, तर तू एकटीच जागली असतीस. नाही म्हटलं असतं, तर रडली असतीस."

मग आणखी एक.

"चहात मीठ घालतेस."

ते त्याला कसं कळलं, कोण जाणे. मीच नंतर कधीतरी त्याच्याजवळ बडबडले असेन. वहिनीने त्याच्या निश्चल हाताची बोटं आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, "बरं. कबूल." एवढंच. नवरा-बायकोत एवढंच बोलणं झालं, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण बघण्यासारखं बाहेर काहीतरी असलंच पाहिजे.

"मी येत जाईन रात्री," मी म्हटलं. "एक दिवसाआड. उरलेल्या दिवसांना आपण शिकलेली बाई ठेवू."

आवाज आला, "घोरतेस तू."

"मी? मी घोरते? सबंध दिवस घालवून तुला बोलतं केलं आणि पहिलं—"

"आणि ती सगळी हत्यारं एकाच गाठोड्यात मिळतात."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, कंपायलर, मेक... मी सकाळपासून एकेक करून मागवलेलं जवळजवळ सगळं. गाठोड्याचं नाव त्याला पहिल्यापासून माहीत होतं. वहिनी हसायला लागली, डोळे पुसत पुसत, आणि कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना ऐकलं.

मी डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेले. 'हो' सांगितलं आणि अटही सांगितली. त्या म्हणाल्या, "अट चांगली आहे. असं उत्तर मला नुसत्या 'हो' किंवा 'नाही'मध्ये मिळालंच नसतं."

आत आले तेव्हा वहिनी खुर्चीतच झोपली होती. बसल्या बसल्या, मान एका बाजूला टाकून, दादाची बोटं अजून हातात तशीच. मी पावलांचा आवाज न करता ब्राउन पेपर उचलायला वाकले. ताव फेकावासा वाटेना, घडी घालून पिशवीत ठेवला.

मागे भुवईवरच्या पट्टीची बारीक टिकटिक चालू झाली. मला वाटलं, आता आणखी कसला टोमणा मारतोय. मी वळून उभी राहिले. त्याने पहिल्या रांगेत काहीतरी निवडलं, मग अक्षरांमागून अक्षरं. फार वेळ लागला. आवाज आला तो 'हळू' होता, माझ्या यंत्राच्या खडखडीसकट.

"ऊन येतंय तिच्या तोंडावर. पडदा ओढ."

मी बघितलं. खरंच, ऊन सरकत तिच्या गालावर आलं होतं. महिनाभर आम्ही त्याला दिवसाकाठी किती प्रश्न विचारले होते. पाणी हवं का, कूस बदलू का, दुखतंय का, नळी हवी का. हे कुणी विचारलं नसतं.

मी जाऊन पडदा ओढला.